जमने, तुझा चढलेला आवाज

जमने, परवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तुझी शोकसभा झाली आणि सरपंच म्हणाले, ‘जमनाबाईंनी उभ्या आयुष्यात कधी आवाज चढवला नाही.’ मी बायकांच्या घोळक्यात मागे बसले होते. शेजारी तुझी सासू. तिने पदर ओढून तोंड झाकून घेतलं. ती रडत होती की आणखी काही, ते मला कळलं नाही.

पंचायतीवर एक बाई घ्यावी लागते म्हणून या पंचांनी तुझं नाव घातलं होतं. बैठकीला तू दाराशी बसायचीस आणि सांगतील तिथे अंगठा द्यायचीस. तेवढीच जमना या लोकांनी पाहिली. शांत, मायाळू, खालमानेची, असं एकेक बोलत गेले. मराठी राज्य झालं त्या वर्षी याच ओट्यावरून मायबोलीवर भाषणं ठोकणारे हेच, आणि तुझ्या तोंडची बोली कानावर पडली की हसणारेही हेच. मी उठणारच होते. पुरुषांच्या बाजूने आमच्या ह्यांनी मान हलवली, म्हणून बसले. पण मी गप्प राहणारी बाई नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणून लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा मोठ्याने म्हणत म्हणत लिहिते. ऐकण्यात तू कुणाला हार जायची नाहीस.

तुझा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो याच फुलसावंगीच्या बाजाराच्या मैदानात. कापूस वेचून झाला की तंबू, मशीन, इंजिन गाड्यांवर लादून गावोगाव सिनेमा दाखवत फिरायचं आणि पाऊस लागायच्या आत घर गाठायचं, हा आमचा धंदा. हे मशीनवर, मी बायकांच्या दाराशी तिकिटं फाडायला. त्या खेपेला अमरावतीहून देवाच्या सिनेमाची पेटी यायची होती. उघडली तर आत निघाला जपानातला सिनेमा, तोही चितारलेला. खरी माणसं नाहीत, रंगवलेली चित्रंच पळतात, तलवारी चालवतात, बोलतात. आणि बोलतात ती इंग्रजी! कुणीतरी त्यांचं जपानी काढून त्या जागी इंग्रजी बसवलं होतं. इकडे देवाच्या सिनेमाची दवंडी आमचा भोंगा केव्हाच देऊन आलेला.

पडद्यावर एक पोरगी, कोळसे पाडणाऱ्याची लेक. डोंगरातला झरा एका दरोडेखोर सरदाराने बळकावलेला, त्याच्याजवळ तीन शिंगांचा बैल. पोरगी बापाची तलवार उचलते आणि निघते. एवढं चित्रांवरून कळत होतं. बाकी सगळा आनंद होता. पुरुषांच्या बाजूला शिट्ट्या सुरू झाल्या, बायका लेकरं काखेत मारून उठायला लागल्या. तेवढ्यात बायका-पुरुषांमधल्या कनातीजवळ तांड्यातल्या बायकांत कुणीतरी विचारलं, ‘थे काय म्हनून राह्यली वं?’

आणि तू म्हणालीस, ‘थे म्हन्ते, हे पानी माह्या डोंगराचं हाय, तुह्या बापाचं नाई. सरक तिकडं, नाईतर तुह्या बैलाचं शिंग तुह्याच हाती दीन.’

उठलेल्या बायका उभ्याच राहिल्या. कनातीपलीकडून एक गडी ओरडला, ‘कोन हाय थो? जोरात बोल ना बाप्पा!’ तू जोरात बोललीस. पोरीचं बोललीस, सरदाराचं बोललीस, बैलाचंही बोललीस. इंग्रजीत बैल नुसता हंबरत होता. तुझा बैल मालकाला म्हणाला, ‘सकाऊनपासून सरकीच्या ढेपीचा तुकडा नाई आन् लढ म्हन्ते!’ तंबू हसून हसून खाली यायचा बाकी होता. पैसे परत मागायला कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवंडीचा माइक ओढून कनातीच्या अलीकडे आणला. तू तो आधी पदराने पुसलास, मग मला म्हणालीस, ‘वहिनी, याच्यात बोललेलं परत घेता येते का?’ मी म्हटलं, नाही. ‘मंग बरं हाय,’ म्हणालीस आणि मांडी घालून बसलीस.

तुझ्या कामाची रीत मी पाहत पाहत शिकले. इंग्रजी बोलणं संपायचं तरी चित्राचं तोंड उघडझाप करतच राहायचं. ते तोंड हललं होतं जपानी बोलण्यासाठी, त्यात इंग्रजी पुरं कसं बसणार? कधी शब्द कमी पडायचे, कधी वर सांडायचे. मला ते पाहताना हसू यायचं. तुला मात्र राग यायचा. ‘तोंड उघडं ठेवून देल्लं बिचारीचं,’ म्हणायचीस, आणि उरलेल्या उघडझापीत आपले शब्द टाकायचीस. ‘समजलं का?’, ‘हाव ना बाप्पा’, ‘आता पाय मंग’. याला तू तोंड पुरवणं म्हणायचीस, जसं जेवताना कुणाच्या पानात कमी पडलं तर पुरवतात. आणि तलवारी! तू बोलायला लागलीस की हे मशीनचा आवाज उतरवायचे, त्यात तलवारींचाही आवाज जायचा. मग तू दोन्ही हात माइकजवळ नेऊन दंडापर्यंतचे ते चुडे आणि कडी एकमेकांवर आपटायचीस. खडाखड, खडाखड. पुढच्या रांगेतली माणसं मान खाली घालायची, वार आपल्यावरच येतो आहे असं समजून.

पण जमने, एक गोष्ट लोकांना सांगितलीच पाहिजे. तू त्या इंग्रजीला कधी शिव्या दिल्या नाहीस. उलट दुपारी हे रीळ तपासायचे तेव्हा आपण दोघी तंबूत बसून ते इंग्रजी ऐकायचो. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला त्यातलं थोडं समजायचं, तुला काहीच नाही. तरी आपल्या दोघींनाही ती पोरीचा आवाज देणारी बाई आवडून गेली. कसला गळा तिचा! जरासा बसका, हसू दाबून धरल्यासारखा. वार करण्याआधी ती नाकातून एकदम श्वास ओढायची, आणि तो ऐकला की आपलेही हात आवळायचे. सरदाराला धमकी द्यायची ती ओरडून नाही, अगदी हळू, जवळ येऊन. ‘पायजा वहिनी, कशी गोडीनं मारून राह्यली त्याले!’ तू म्हणायचीस. तो श्वास तू तिच्याकडून उचललास, तसाच्या तसा. एकदा म्हणालीस, ‘हे बी आपल्यावानीच कुठीतरी कनातीमागं बसली असन. चेहरा दुसरीचा, गळा हिचा. हिचंबी नाव कोनी घेत नसन.’

त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की तू नावाचा विचार करतेस.

कारण नाव आम्हीच लपवलं होतं. ह्यांनी दवंडीत सांगून टाकलं की नागपूरहून मोठा कलाकार आणला आहे, एकटा सगळे आवाज काढतो. पुरुषांनी ते मानलं. कनातीपलीकडची बाई असं गरजू शकते, हे त्यांच्या डोक्यात यायला जागाच नव्हती. बायकांना सगळं दिसत होतं, पण एकीनेही घरी सांगितलं नाही. तुझा सासरा तांड्याचा नायक, मानाचा माणूस. तुझ्या नवऱ्याला, धनसिंगला, ठाऊक होतं. तो पुरुषांत बसून खो खो हसायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, ‘नागपूरवाल्याले तोड नाई बॉ!’ सासू रोज तुझ्यासोबत यायची, तुझ्या मागे बसायची, आणि घरी जाताना सिनेमाबद्दल अवाक्षर काढायची नाही. ‘तिले आवडते का नाई, समजतच नाई,’ असं तू म्हणायचीस, आणि तेवढ्यापुरता तुझा चेहरा उतरायचा.

मारेगावला तुझी बहीण दिलेली. तिच्याकडे जायचं निमित्त करून तू तिथेही आलीस. तिथेच ते यवतमाळचे प्रोफेसर भेटले, सासुरवाडीला आलेले. खेळ सुटल्यावर मशीनजवळ येऊन ह्यांना म्हणाले, ‘मूळ संवाद किती सुंदर आहेत! तुमचा माणूस त्यांचा पार चुथडा करतो.’ मी तिकिटांची पेटी घेऊन तिथेच उभी होते. म्हटलं, ‘सर, ही पोरगी जपानातली. मग तिच्या तोंडात इंग्रजी कुणी घातलं?’ ते म्हणाले, ‘ते अधिकृत आहे.’

अधिकृत! अजून आठवलं की माझं डोकं तापतं. समुद्रापलीकडच्या कुणी त्या पोरीच्या तोंडात आपली भाषा घातली तर तो मूळ संवाद, आणि फुलसावंगीच्या बाईने घातली तर चुथडा. मी इंग्रजीचा दुस्वास करत नाही. त्या बसक्या गळ्याच्या बाईला तर मी जन्मभर विसरणार नाही. पण ती जर परक्या चेहऱ्यात जीव ओतू शकते, तर तूही ओतू शकतेस. हक्क एकच आहे, दोघींचा. एवढं मी त्यांना तोंडावर बोलले. प्रोफेसर माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून बसला, आणि बैलाच्या वाक्याला सगळ्यांच्या आधी हसला. तुला हे सांगितलं तर तू बैलाच्या तोंडी आणखी एक वाक्य वाढवलंस, ‘हसू नोका साहेब, ढेप आना!’

आपलं भांडण मात्र एकाच जागेवरून होतं. शेवटी पोरगी झरा सोडवते, गाव पाण्यावर लोटतं, आणि ती एकटीच डोंगराच्या वाटेला लागते. मग वळते. तिचा चेहरा पडदाभर होतो आणि ओठ हलतात. इंग्रजी बाई तिथे गप्प. नुसती वाजंत्री. जपानीत ती नक्की काहीतरी बोलली असणार, इंग्रजीत आणताना ते का गाळलं, देव जाणे. मी म्हणायची, तिथे तूही गप्प राहा. शहाण्यासुरत्या माणसांनी ती जागा मोकळी सोडली आहे, त्याला काही अर्थ असेल. लोकांना त्या चेहऱ्याकडे नुसतं पाहू दे.

तू ऐकशील तर ना! ‘तिले कोनी थांबवलं असन वहिनी. नाईतर तोंड उघडल्यावर बाई कायले गप्प बसन?’

आणि तू गाव पाहून ते तोंड पुरवायचीस. मारेगावच्या कापूसबाजारात, जिथे व्यापारी वजनात मारायचे, तिथे पोरगी वळून म्हणाली, ‘काट्याखाली पाय नोका लावू रे, मी पाहून राह्यली!’ व्यापाऱ्यांच्या खुर्च्यांत एकदम खोकला उठला. परत आल्यावर फुलसावंगीत, जिथे विहिरीवर तांड्यातल्या बायकांना मागे उभं करायचे, तिथे म्हणाली, ‘उद्या पयली घागर तांड्यातली भरन. ज्याले नाई पटत त्यानं तलवार घेऊन याव.’ दुसऱ्या सकाळी तू खरंच घागर घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहिलीस, आणि तुला कुणी मागे सारलं नाही. पडद्यावरची पोरगी मागे उभी आहे असंच वाटलं असेल त्यांना. त्या दिवसापासून मी तुझ्याशी त्या जागेवरून भांडायचं सोडायला हवं होतं. पण भांडणात मजा होती, आणि मला तुझ्याशी बोलायला ते निमित्त पुरायचं.

मग मी दुसरं भांडण काढलं. म्हटलं, पुरे झाला तो नागपूरवाला. दवंडीत तुझं नाव घालू. जमनाबाई राठोड, सर्व आवाज. तू चुडे वर सारलेस. मग म्हणालीस, ‘बुढीले काय वाटन? थे काईच बोलत नाई. मंग पाहू वहिनी.’ बुढी म्हणजे सासू. सासऱ्याची नाही, धनसिंगची नाही, गावाची नाही, तुला भीती होती ती एका मुक्या म्हातारीच्या मनाची. मी पुष्कळ घासाघीस केली. तुझं एकच पालुपद, मंग पाहू.

मंग पाहू म्हणालीस, जमने, आणि घसा धरून पडलीस. ताप, गळ्याला सूज, श्वासाची घरघर. यवतमाळला न्यायला गाडी जुंपली होती, मी धावत आले. तू मला ओळखलंस. माझा हात धरलास आणि तुझे ओठ हलले. नुसतेच हलले. एवढी गरजणारी तू, आणि आवाजच नव्हता. मी वाकून वाकून पाहिलं, कान लावला. काय म्हणत होतीस? तुझ्याजवळ एवढे दिवस बसून मला तुझं तोंड वाचता आलं नाही. गाडी गेली, आणि तू जिवंत परत आली नाहीस. देवावर माझा राग आहे. मागायचंच होतं तर हातपाय मागायचे होते. गळ्यालाच कशाला हात घातला?

तर परवा ती सभा, आणि काल आमचा इथला शेवटचा खेळ. पेटी आता अमरावतीला परत जायची आहे, ते रीळ पुन्हा या भागात यायचं नाही. हे म्हणाले, ‘आता बोलणारं कोण आहे? इंग्रजीतच लावून टाकू. निदान लढाया तरी पाहतील.’ मी म्हटलं, मशीनचा आवाज उतरवा. ते म्हणाले, ‘तुला जमणार आहे का?’ मी म्हटलं, नाही जमणार, उतरवा.

संध्याकाळी सगळं गाव आलं. सरपंच खुर्चीवर सगळ्यांच्या पुढे. मी कनातीमागे तुझ्या जागेवर मांडी घातली, माइक पदराने पुसला. आणि सांगते जमने, फार वाईट बोलले. पोरीचं वाक्य सरदाराला दिलं. श्वास घ्यायला गेले तर ठसका लागला. माझा गळा तिकिटं विकण्याचा, तो काय चढणार? पण तुझ्या बायकांनी मला पडू दिलं नाही. ‘वहिनी, अठी बैल बोलते ना!’ एकीने मागून सांगितलं. दुसरीने तर बैलाचं वाक्यच बोलून टाकलं. लहान पोरीसुद्धा ‘आता पाय मंग’ आपल्या आपणच पुरवत होत्या. तंबूभर तुझं बोलणं सगळ्यांना पाठ होतं, मलाच ते माहीत नव्हतं.

तलवारींची लढाई आली तेव्हा मात्र मी गांगरले. माझ्या हातात काचेच्या चार बांगड्या, त्यांचा काय आवाज होणार? पडद्यावर तलवारी मुक्याच फिरायला लागल्या. आणि माझ्या खांद्यावरून दोन सुरकुतलेले हात पुढे आले, माइकजवळ गेले, आणि दंडापर्यंतचे चुडे एकमेकांवर आदळले. खडाखड, खडाखड. एकही वार चुकला नाही. तुझी सासू होती. तुझ्या मागे रोज बसून बुढीने वार न् वार ध्यानात ठेवला होता. मला रडू फुटलं, पण माइक समोर होता, म्हणून गिळून टाकलं.

मग पोरगी डोंगराच्या वाटेला लागली. वळली. चेहरा पडदाभर झाला. याच जागेसाठी मी इतके दिवस तुझ्याशी वाद घातला होता, की ती मोकळी सोड. मला तुझे ते शेवटचे हलणारे ओठ दिसले. कनातीच्या फटीतून सरपंच दिसत होते, खुर्चीत रेलून बसलेले. ‘मंग पाहू’ म्हणाली होतीस ना? ते मंग आता आलं होतं, याच्यापुढे दुसरं नव्हतं. ओठ हलायला लागले आणि मी, जिचा गळा कधी चढला नाही ती, अशी ओरडले की भोंगा कर्कश वाजला:

‘मी जमना! फुलसावंगीच्या तांड्याची! नागपूरवाला कोनी नव्हता, मीच बोलत होती!’

पुरुषांच्या बाजूला खुर्च्या करकरल्या. पण माझं बोलणं लवकर संपलं होतं, जमने. मला तुझ्यासारखं मापात बोलता येत नाही. पडद्यावर तोंड अजून हलत होतं, आणि माझ्याजवळ शब्द उरला नव्हता. तेव्हा बुढीने माझ्या हातातून माइक घेतला. जी कधी बोलली नाही ती त्या जपानी पोरीच्या तोंडाने, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी बोलली.

‘माही सून व्हय थे.’

तेवढ्यात ओठ मिटले. तोंड पुरलं.